मापात पाप: परीक्षा, शिक्षक आणि अमानत

आपल्या घराघरांत रुळलेला 'इम्तिहान' हा शब्द मूळचा अरबी आहे. त्याच धातूपासून पवित्र कुरआनच्या साठाव्या सूरहचे नाव आले आहे: अल्-मुम्तहिना. हुदैबियाच्या तहानंतर मक्केतून काही स्त्रिया श्रद्धा स्वीकारून मदीनेला येऊ लागल्या. त्या खरोखर श्रद्धेसाठी आल्या आहेत की अन्य काही कारणाने, याची खातरजमा करणे आवश्यक होते. म्हणून या सूरहच्या दहाव्या आयतीत श्रद्धावंतांना त्यांची परीक्षा घेण्याचा आदेश दिला आहे. परंतु आदेश देऊन आयत तेथेच थांबत नाही. त्या स्त्रियांच्या श्रद्धेचे खरे ज्ञान अल्लाहलाच आहे, हेही ती त्याच ओघात बजावते. परीक्षा घ्या, तिच्या आधारे व्यवहारातला निर्णयही करा. मात्र परीक्षा घेतली म्हणून समोरच्याचे अंतःकरण आपल्याला कळले, असे समजू नका. परीक्षकाला इतक्या मोजक्या शब्दांत त्याची मर्यादा दाखवून देणारे दुसरे वचन माझ्या वाचनात नाही.

सुज्ञ वाचकहो, मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत २२ वर्षे मराठी आणि गणित शिकवीत आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले अशाच शाळांत जातात, म्हणून या मर्यादेचे आज शाळेत काय झाले आहे ते आपल्यासमोर मांडण्याची गरज वाटते. वर्षारंभी पायाभूत चाचणी, सहामाहीला संकलित चाचणी एक, वर्षअखेरीस संकलित चाचणी दोन. तिन्हींच्या प्रश्नपत्रिका राज्यभर एकच, गठ्ठे बांधून येणाऱ्या. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा पुन्हा आली. तीत आणि नंतरच्या पुनर्परीक्षेत अपयश आले तर मूल त्याच वर्गात राहते. शिष्यवृत्तीची परीक्षा वेगळी. त्यावर केंद्राची सर्वेक्षणे: १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची झाली, ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीची. प्रत्येक चाचणीआधी सराव चाचणी असते आणि प्रत्येक चाचणीनंतर मोबाईलवर गुण भरायचे असतात. गावात नेटवर्क नसेल तर शिक्षक शाळेच्या गच्चीवर उभा राहून गुण भरतो आणि खाली वर्ग आपला आपण बसलेला असतो.

ज्या कायद्याखाली ही मुले शाळेत आली, तो बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा. त्याच्या २९ व्या कलमात मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे आणि त्याच्या आकलनाचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे लिहिलेले आहे. कायद्यातील 'सातत्यपूर्ण' हा शब्द आपल्याकडे फार मनावर घेतला गेला. 'सर्वंकष' हा मागे राहिला.

तथापि, परीक्षाच नकोत असे म्हणणाऱ्यांत मी नाही. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, नाव झाकून तपासलेली उत्तरपत्रिका, यामागे न्यायाची एक खरी कल्पना आहे. ज्या मुलीचा बाप हमाली करतो आणि ज्या मुलीचा बाप सरपंच आहे, त्या दोघींसमोर तोच कागद ठेवला जातो; तपासणाऱ्याला दोघींपैकी कोणाचेही घर माहीत नसते. आपल्या समाजातील कितीतरी मुलींना शिष्यवृत्ती परीक्षेनेच गावाबाहेरच्या शाळेचे दार उघडून दिले. शिवाय मोजलेच नाही तर आठवीतल्या मुलाला चौथीचे पुस्तक वाचता येत नाही, हे कळणार तरी कसे? 'गुण म्हणजे सर्वस्व नव्हे' हे वाक्य काही शिक्षक मुलांच्या प्रेमापोटी बोलतात आणि काही आपल्या आळसावर पांघरूण घालण्यासाठी. दुसऱ्या प्रकारचे शिक्षकही मी जवळून पाहिले आहेत. सूरह अर्-रहमानमध्ये आकाशाच्या उभारणीबरोबरच तराजूचा उल्लेख येतो आणि तोल बिघडवू नका अशी ताकीद येते. मोजणे हे इस्लामला परके नाही. प्रश्न तराजू असण्याचा नाही. त्यात काय घातले जाते आणि त्याचा काटा कोणासाठी पाहिला जातो, याचा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही आपल्या सहाबींची परीक्षा घेतली आहे. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीस संग्रहातील ज्ञानविषयक भागात या प्रसंगाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. प्रेषितांनी (स.) विचारले की असे कोणते झाड आहे ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मुस्लिम माणसासारखे आहे? लोक अरण्यातल्या निरनिराळ्या झाडांचा विचार करू लागले. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्या बैठकीत वयाने सर्वांत लहान होते. ते खजुराचे झाड असावे, हे त्यांच्या मनात आले होते. पण हजरत अबू बक्र (रजि.) आणि आपले वडील हजरत उमर (रजि.) यांच्यासारखी मोठी माणसे गप्प आहेत, हे पाहून त्यांना संकोच वाटला आणि ते बोलले नाहीत. शेवटी उत्तर प्रेषितांनीच (स.) सांगितले. नंतर मुलाने ही गोष्ट वडिलांना सांगितली, तेव्हा तू बोलला असतास तर मला मोठ्या धनापेक्षाही ते प्रिय वाटले असते, असे ते म्हणाले.

एक शिक्षक या नात्याने मी या प्रसंगाकडे पाहतो तेव्हा माझ्यासमोर गुणांचा तक्ता उभा राहतो. त्या दिवशी तेथे तक्ता असता, तर सर्वांत लहान विद्यार्थ्यापुढे शून्य लिहिले गेले असते. ज्याला उत्तर येत होते त्याच्याचपुढे! पुढे हाच मुलगा हदीसच्या सर्वांत मोठ्या कथनकर्त्यांपैकी एक झाला. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रश्न विचारला गेला, उत्तर आले नाही, तेव्हा कोणाला कमी लेखले गेले नाही. उत्तर सांगितले गेले आणि बैठक शिकून उठली.

दुसरा प्रसंग बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आला आहे. एक मनुष्य मशिदीत आला, त्याने घाईघाईने नमाज अदा केली आणि येऊन सलाम केला. प्रेषितांनी (स.) सलामाचे उत्तर दिले आणि त्याला परत जाऊन नमाज अदा करण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी त्याने कबूल केले की यापेक्षा चांगली मला येत नाही, आपण शिकवा. मग प्रेषितांनी (स.) रुकू, सजदा, दोन्हींमधील स्थैर्य, सारे क्रमाने समजावून सांगितले. येथे निकाल स्पष्ट होता, त्यात खोटी सवलत नव्हती. तरीही प्रत्येक वेळी सलामाचे उत्तर मिळाले. आणि निकालाचा शेवट शिकवण्यात झाला. तो निकाल त्या माणसासाठी होता. मदीनेतील किती टक्के लोकांची नमाज बरोबर आहे, याचा अहवाल तयार करण्यासाठी तो नव्हता.

आता आपल्या शाळेत या. माझ्या वर्गात एक मुलगी होती. सहावीत असूनही तिला जोडाक्षरे वाचता येत नसत. 'प्रकाश' हा शब्द ती 'परकाश' असा वाचे आणि 'विद्यार्थी' आला की थांबे. पायाभूत चाचणीत तिला भाषेत अगदी थोडे गुण पडले. ते बरोबरच होते. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती पंधरा मिनिटे माझ्यापाशी बसू लागली. प्रथम रफार, मग र-कार, मग 'द्य' आणि 'द्ध' यांतला फरक. मार्चपर्यंत ती अडखळत का होईना, बातमीपत्रातला मथळा वाचू लागली. वर्षअखेरच्या चाचणीत उतारा वाचून उत्तरे लिहायची होती. तेवढा वेग तिला आलेला नव्हता, म्हणून गुण जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. तक्त्यात तिची प्रगती शून्य, आणि शिक्षकाचे कामही शून्य. सहा महिन्यांत ती जे अंतर चालून आली, ते मावेल असा रकाना त्या तक्त्यात कोठेच नव्हता.

त्याच वर्गातला एक मुलगा वडिलांच्या फळांच्या हातगाडीवर बसतो. घरी दखनी बोलतात. ऐंशीच्या भावाने दीड किलो पेरू, दोनशेची नोट, परत किती, हे तो गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत सांगतो. हाच हिशोब शाब्दिक उदाहरणाच्या रूपाने, 'प्रतिकिलो दर' आणि 'एकूण खरेदी किंमत' असल्या शब्दांत कागदावर आला की तो कोरा कागद देतो. त्याला गणित येत नाही, असा निष्कर्ष निघतो. वास्तविक त्याला कागदावरची मराठी येत नाही, आणि ती शिकवणे हे माझे काम आहे. पण मोबाईलच्या पडद्यावर 'गणित' या शीर्षकाखाली एकच आकडा मागितला जातो आणि पुढील वर्षी त्याला पुन्हा बेरजा-वजाबाक्यांच्या गटात बसवले जाते.

इथवरचा दोष मापनयंत्राचा आहे. यंत्राचा दोष मनुष्य समजून घेऊ शकतो, भरून काढू शकतो. माझ्या मते खरा नैतिक प्रश्न याच्या पुढे सुरू होतो, आणि तो शिक्षकाच्या वेळेचा आहे. एका बैठकीत वरिष्ठांकडून आम्हाला सूचना मिळाली की उत्तीर्णतेच्या रेषेच्या जरा खाली असलेल्या, म्हणजे काठावरच्या मुलांवर लक्ष केंद्रित करावे. हिशोब सरळ होता. वरची मुले उत्तीर्ण होणारच आहेत. अगदी तळातली मुले कितीही प्रयत्न केले तरी एवढ्यात रेषेपर्यंत येणार नाहीत. काठावरची पाच मुले जरा ढकलली की शाळेची टक्केवारी वर जाते. सूचना देणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांच्याकडेही वरून तक्ताच मागितला जात होता. पण या सूचनेचा अर्थ काय होतो, ते पाहावे. ज्या मुलीला जोडाक्षरे येत नाहीत तिची मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे काढून ज्याला दोनच गुण कमी आहेत त्याला द्यायची, कारण तिच्यावर घालवलेला वेळ कोठेही दिसणार नाही.

सूरह अबसाचा संदर्भ येथे आठवल्याशिवाय राहत नाही. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांना इस्लामचा संदेश देत होते. ते सरदार मानले तर त्यांच्यामागे कितीतरी लोक येतील, हा त्यामागील शुद्ध हेतू होता. अशा वेळी हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.), जे दृष्टिहीन होते, शिकण्याच्या ओढीने तेथे आले. त्या क्षणी त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नाही, आणि अल्लाहने आयती अवतरित करून ध्यान त्यांच्याकडे वळवले. कोण जाणे, हाच शुद्ध होईल, उपदेश यालाच लाभदायक ठरेल, असा त्यांचा आशय आहे. पुढे हेच सहाबी मदीनेत अजान देत असत आणि प्रेषित (स.) मोहिमेवर गेले असता काही वेळा मदीनेची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली. ज्यांच्याकडून मोठा परिणाम दिसेल असे वाटते त्यांच्यासाठी, जो स्वतः चालत शिकायला आला आहे त्याला बाजूला ठेवता येत नाही, एवढे या सूरहने कायमचे ठरवून टाकले आहे. तेथे तर हेतू साऱ्या समाजाच्या मार्गदर्शनाचा होता. आमच्या बैठकीत हेतू टक्केवारीचा होता.

शिक्षकाचे लक्ष ही मुलाची अमानत आहे. अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवा, असा सूरह अन्-निसाचा आदेश आहे. जेथून जास्त परतावा मिळेल तेथे त्या गुंतवा, असा नाही.

यानंतरची पायरी अधिक निसरडी आहे, आणि तिच्याविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलले जात नाही. तक्ता चांगला दिसला नाही तर शाळेचे नाव खराब होईल, पट घटेल, शिक्षकाला खुलासा द्यावा लागेल. मग चाचणी चालू असताना फळ्यावर उत्तराची 'दिशा' दिली जाते. पर्यवेक्षक बाकांमधून फिरताना बोटाने पर्याय दाखवतो. तपासताना पेन जरा सैल धरले जाते. यात मुलांचेच भले आहे, गरीब मुले आहेत, कशाला त्यांना नापास करायचे, असा युक्तिवाद केला जातो. आपल्याच काही शाळांत हा युक्तिवाद 'कौमच्या भल्या'च्या नावाने होतो, हे अधिक वेदनादायक आहे.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत: मापात पाप. सूरह अल्-मुतफ्फिफीनचा आरंभच माप-वजनात लबाडी करणाऱ्यांच्या विनाशाच्या घोषणेने होतो. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे. मदयनच्या लोकांनाही हजरत शुऐब (अ.) यांनी हेच बजावले होते की माप पूर्ण भरा आणि लोकांच्या वस्तू घटवून देऊ नका. यावर कोणी म्हणेल, आम्ही तर मुलाला जास्त गुण देतो, कमी कोठे देतो? वाचकहो, येथेच नीट विचार करावा. मुलाचा हक्क गुणांवर नाही, शिकवण्यावर आहे. खोटे अठरा गुण लिहिले की तिला जोडाक्षरे येत नाहीत ही गोष्ट कागदावरून नाहीशी होते. मग तिच्यासाठी जादा तासिका नाही, पुढील वर्गातल्या शिक्षकाला सूचना नाही, पालकांना निरोप नाही. पारडे जड दिसते, पिशवी रिकामी असते. आणि शिक्षकाचे वेतन मात्र पुरेपूर घेतलेले असते.

शिवाय गुणपत्रकाखालची सही ही साक्ष आहे. या मुलाला इतके येते, असे मी सहीनिशी सांगत असतो. खोटी साक्ष ही मोठ्या पापांत मोडते, हे बुखारी आणि मुस्लिम यांतील हदीसींवरून आपण सर्व जाणतो. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायासाठी साक्ष देण्यास सांगितले आहे, मग ती स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. तीत श्रीमंत-गरीब असाही स्पष्ट उल्लेख आहे: साक्ष ज्याच्याविषयी आहे तो गरीब असला तरी त्याच्यावरील दयेमुळे साक्ष वळवू नये. 'गरीब मुले आहेत' या युक्तिवादाला याहून थेट उत्तर काय असू शकते?

हा प्रकार केवळ आपल्या तालुक्यातला आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेत २००१ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने शाळांचे भवितव्य चाचण्यांच्या गुणांशी बांधले गेले. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात गुण अचानक वाढले, कौतुकही झाले. मग चौकशी झाली. २०११ च्या अहवालात ४४ शाळांत गैरप्रकार आढळले आणि १७८ शिक्षक व मुख्याध्यापक त्यात गुंतल्याचे नमूद झाले. मुलांच्या चुकीच्या उत्तरांवर खोडरबर फिरवून शिक्षकांनीच बरोबर पर्याय काळे केले होते. २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. त्या वर्गांतील बहुसंख्य मुले गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती. वाचता येत नसताना 'उत्तीर्ण' ठरल्यामुळे ज्या मदतीवर त्यांचा हक्क होता ती त्यांना मिळाली नाही. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन सामाजिक शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच सांगून ठेवले होते की एखादा आकडा निर्णयासाठी जितका अधिक वापरला जाईल तितका तो अधिक भ्रष्ट होईल, आणि ज्या कामाचे माप घ्यायचे त्या कामालाही भ्रष्ट करील. शाळेच्या चाचण्यांचे उदाहरण त्याने स्वतःच दिले होते.

मग 'वरून आदेश आहे' म्हणणाऱ्या शिक्षकाने काय करावे? हदीसमध्ये एका तुकडीचा प्रसंग आहे. तिच्या सरदाराने रागाच्या भरात आग पेटवून आपल्या माणसांना तीत उतरण्याची आज्ञा केली. काही जण सिद्धही झाले, बाकीच्यांनी नकार दिला. आज्ञापालन केवळ भल्या गोष्टीत असते, असे प्रेषितांनी (स.) त्यावर स्पष्ट केले. या निकषावर आमचे आदेश वेगवेगळे पडतात. चाचणी घ्या, हा आदेश पाळावा. वेळेवर गुण भरा, हाही पाळावा. कंटाळवाणा आहे, पापाचा नाही. मुलांना उत्तरे सांगा, असे तर कोणी लेखी देतही नाही. ते केवळ नजरेने सुचवले जाते, आणि नजरेने सुचवलेली गोष्ट नजर चुकवून टाळता येते. तळातल्या मुलांना सोडा, या सूचनेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: ती पाळू नये, आणि पाळली नाही याचा गाजावाजाही करू नये. त्याची किंमत म्हणून खुलासा मागणारे पत्र येते. ते माझ्या कपाटात आहे. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला आपल्या कळपाविषयी जाब द्यावा लागेल, या प्रसिद्ध हदीसमधील कळप म्हणजे माझ्यासाठी हजेरीपटावरची नावे. तालुक्याची सरासरी हा माझा कळप नव्हे.

आकड्यांचा तिटकारा असलेल्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकड्यांऐवजी शब्द आणले म्हणजे प्रामाणिकपणा आपोआप येतो, असे नाही. २०१० नंतर आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहिण्याची पद्धत आली. कल्पना सुंदर होती. थोड्याच काळात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, मग त्या मोबाईलवर फिरू लागल्या. 'परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो' हे वाक्य किती हजार मुलांच्या पुढे उतरवले गेले असेल, ते अल्लाहच जाणे. त्यातल्या एखाद्या मुलाला खरोखरच जिज्ञासा असेल, तर ती त्या गर्दीत हरवली.

पूर्वीच्या इस्लामी शिक्षणात 'इजाजत' देण्याची प्रथा होती. अमुक शिक्षकाने अमुक विद्यार्थ्याला अमुक ग्रंथ शिकवण्याची अनुमती स्वतःच्या नावाने द्यायची. ती संस्थेची मोहोर नव्हती, माणसाची ग्वाही होती. विद्यार्थी अपुरा निघाला तर शिक्षकाच्याच नावाला बट्टा. ती पद्धत आजच्या कोट्यवधी मुलांसाठी जशीच्या तशी चालणार नाही, हे उघड आहे. पण आज गुणाखाली सही असते आणि तिच्यामागे माणूस नसतो, ही उणीव तीमुळे ओळखता येते. इब्ने खल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या 'मुकद्दमा'त आपल्या काळच्या मगरिबमधील विद्यार्थ्यांचे वर्णन आहे. त्या भागात मदरशांत राहण्याची मुदत सोळा वर्षे आणि ट्युनिसमध्ये पाच. तरीही मगरिबचे विद्यार्थी बैठकीत मूक बसत, पाठांतरावरच भर देत, आणि ज्ञानावर हुकमत त्यांना येत नसे. हुकमत येण्याचा सोपा मार्ग चर्चा आणि प्रश्नोत्तरे हा आहे, असे त्यांचे मत होते. त्याच ग्रंथात ते सांगतात की विद्यार्थ्यांशी कठोर वागल्याने ते खोटेपणा आणि कपट शिकतात, कारण शिक्षेच्या भीतीने मनात आहे त्याहून वेगळे दाखवण्याची त्यांना सवय लागते. चाचणीच्या भीतीने वाकलेल्या शिक्षकालाही हे वर्णन लागू पडते.

आणि आपली घरे? मूल शाळेतून आले की आपण विचारतो, किती पडले? मग मावशीच्या मुलाला किती पडले? मकतबमधून आले की विचारतो, किती पारे झाले? नाजरा लवकर पूर्ण व्हावा म्हणून घाई होते, खत्मची मिठाई वाटली जाते, आणि ज्या मुलाने 'ऐन' आणि 'अलिफ' यांचे उच्चार वेगळे करायला शिकून घेतले त्याची कोणी विचारपूस करीत नाही. तक्ता वरून येतो हे खरे. परंतु तो आपल्या ओट्यावरही मांडलेला असतो. सूरह अल्-मुल्कमध्ये मृत्यू आणि जीवन निर्माण करण्यामागील परीक्षेचा उल्लेख आहे. तेथे कोणाचे कर्म अधिक चांगले, हे पाहिले जाईल असे म्हटले आहे. कोणाचे कर्म संख्येने अधिक, असे म्हटलेले नाही. भाष्यकारांनी या शब्दभेदाकडे आवर्जून लक्ष वेधले आहे.

येत्या पालक सभेला आपण शाळेत जाल, तेव्हा टक्केवारी ऐकून परत येऊ नका. मुलाची उत्तरपत्रिका पाहायला मागा. शिक्षकाला विचारा की कोणता प्रश्न चुकला आणि का चुकला. त्याला वाचता आले नाही, समजले नाही, की येत असून तो गप्प राहिला? जोडाक्षरांपैकी कोणती अडतात? हातचा घेताना चुकतो की उदाहरण समजून घेताना? पहिल्या वेळी शिक्षक गोंधळेल, कारण हे त्याला कोणी विचारलेले नसते. त्याला वेळ द्या आणि महिनाभराने पुन्हा जा. मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलत असेल तर तेही त्याला सांगा. अनेकदा ते त्याला ठाऊक नसते. आणि कोणी आपल्या मुलाचे गुण वाढवून देऊ केले, तर ते नाकारून त्या वेळेची एक तासिका मागा.